अकिलीसचा कोप, वाट्याला आलेलं मरण आणि हेक्टरचं ‘लोक काय म्हणतील’

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “इलियड पहिल्यांदाच सलग वाचलं. अकिलीस रुसून बसतो, आपलीच माणसं मरताना बघत राहतो, तरी तो सगळ्यांत मोठा वीर कसा? आणि कोण कधी मरणार हे आधीच ठरलेलं असेल, तर त्या शौर्याला आणि त्या रागाला अर्थ काय? शिवाय ती टाच आणि तो लाकडी घोडा कुठे आहे?”

शेवटचं आधी उरकते. टाच इलियडमध्ये, म्हणजे होमरच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यात, नाहीच. आईनं बाळाला टाच धरून स्टिक्स नदीत बुडवून काढलं, म्हणून टाच सोडून तो अभेद्य झाला, ही गोष्ट आपल्या हाती लागते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडून, म्हणजे होमरनंतर सात-आठशे वर्षांनी. होमरच्या अकिलीसला भाला लागतो, हातातून रक्त येतं. ग्रीक ज्यात लपून ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडा होमरच्या दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीत येतो. इलियड संपतं तेव्हा ट्रॉय उभं आहे आणि अकिलीस जिवंत आहे. दहा वर्षांच्या युद्धातले पन्नासेक दिवस एवढाच काळ त्यात आहे, पण ओळी साडेपंधरा हजारांच्या वर.

आता मुख्य प्रश्न. मी गेली बावीस वर्षं ग्रीक शिकवते, आणि ‘रुसून बसलेला अकिलीस’ दर वर्षी वर्गात येतो. हा दोष वाचणाऱ्याचा कमी आणि अनुवादाचा जास्त आहे.

महाकाव्याचा पहिलाच शब्द आहे ‘मेनिन’. ही ‘मेनिस’ची द्वितीया. ग्रीकला संस्कृतसारख्याच विभक्त्या असल्यामुळे कवी शब्द हवा तिथे ठेवू शकतो. होमरनं कर्म उचलून सगळ्यांच्या पुढे आणून ठेवलंय: कोप, तो गा, हे देवी, पेलेउसच्या मुलाचा, अकिलीसचा. ‘कोप’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. मराठीत माणूस रागावतो, चिडतो, संतापतो, रुसतो, फुगतो. कोप मात्र देवाचा होतो. ‘मेनिस’ अगदी तसाच आहे. होमर तो बहुतेक वेळा देवांसाठी राखून ठेवतो. पहिल्याच सर्गात छावणीत रोगराई पसरते, तीही अपोलो देवाच्या मेनिसमुळे. आणि तोच शब्द एका मर्त्य माणसाला लावलेला आहे. तेव्हा ऐकणाऱ्या ग्रीकाच्या कानाला पहिल्या शब्दालाच खटकलं असणार की इथे काहीतरी माणसाच्या मापाबाहेरचं आहे.

पुढच्या चार ओळी तर मी वर्गात तासभर सोडत नाही. या कोपानं अगणित दुःखं दिली, कोणाला? ग्रीकांना. म्हणजे आपल्याच लोकांना. वीरांचे कितीतरी जीव त्यानं मृतांच्या देवाकडे, हेडीसकडे धाडले, ‘आणि ते स्वतः’ कुत्र्यांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडी पडले. हे ‘ते स्वतः’ बघा. जीव गेला तो गेला, एखादी सावली जावी तसा. मागे मातीत पडलेलं प्रेत हाच तो माणूस. आपल्याकडच्या वाचकाला आत्मा अमर आणि देह म्हणजे जुनं वस्त्र या भाषेची इतकी सवय असते की इथे त्याचा पाय घसरतो. इलियडमध्ये पुढचा जन्म नाही आणि वीरांसाठी राखलेला स्वर्गही नाही. जे काय आहे ते इथे, या अंगात, या आयुष्यात. हे डोक्यात ठेवल्याशिवाय पुढचं काहीच नीट लागत नाही.

कोपाचं कारण काय? वरवर पाहिलं तर एक बाई. अपोलोचा पुजारी ख्रिसेस ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉनच्या ताब्यातली आपली मुलगी सोडवायला खंडणी घेऊन येतो, अगामेम्नॉन त्याला हाकलतो, अपोलो नऊ दिवस बाण सोडतो (आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं), दहाव्या दिवशी अकिलीस सभा बोलावतो. अगामेम्नॉन मुलगी परत द्यायला तयार होतो, पण बदल्यात दुसरी मागतो. त्यावर अकिलीसचं उत्तर अगदी व्यवहारी आहे: आता कुठून देणार? सामाईक ठेवा आपल्याकडे शिल्लक नाही, गावं लुटून जे आणलं ते वाटून झालं, आणि वाटलेलं लोकांकडून परत गोळा करणं शोभत नाही.

आमच्या वाचनवर्गात एकदा एक निवृत्त तलाठी यायचे. ही ओळ ऐकून ते म्हणाले, “मॅडम, हे तर सरळ वाटपाचं भांडण आहे. एकदा फेरफार मंजूर झाला की झाला. मग थोरला भाऊ म्हणून कोणी येऊन बांध सरकवू शकत नाही.” मला त्यांच्या या वाक्यानं जेवढं समजलं तेवढं जाड जाड टीकाग्रंथांनी समजलं नव्हतं. अगामेम्नॉन नेमका बांध सरकवतो. अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रिसेइस तो उचलून नेतो.

इथे तीन शब्द ओळखीचे करून घ्या. ‘गेरास’ म्हणजे लुटीतून सगळ्या सैन्यानं दिलेला मानाचा वाटा. ‘तिमे’ म्हणजे मान, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ किंमत. मराठीत ‘माझी इथे काही किंमतच नाही’ असं माणूस म्हणतो तेव्हा तो पैशांबद्दल बोलत नसतो आणि तरी बोलत असतो. ‘तिमे’ अशीच दोन्हीकडे पाय ठेवून उभी असते. तिसरा शब्द ‘मोइरा’. त्याचं भाषांतर सगळीकडे ‘नियती’ असं करतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. मोइरा म्हणजे मुळात वाटा, हिस्सा. ओडिसीत मेजवानीला मांस कापून जे वाटे घालतात त्यांनाही मोइराच म्हटलंय. आपण मरणाबद्दल, दुःखाबद्दल ‘वाट्याला आलं’ म्हणतो ना, ते मोइराचं सगळ्यांत चांगलं मराठी आहे. कपाळावर कोणीतरी ओळन् ओळ लिहून ठेवली आहे असं चित्र त्यात नाही. हिस्सा ठरलेला आहे, आणि त्याची हद्द म्हणजे मरण.

आता सभेत काय घडतं ते जवळून बघा. अकिलीसचा हात तलवारीवर जातो, तलवार म्यानातून अर्धी बाहेर येते. तेवढ्यात मागून कोणीतरी त्याचे केस धरतं. अथीना. ती बाकी कोणाला दिसत नाही. तो वळतो, तिचे डोळे ओळखतो, आणि विचारतो, कशाला आलीस, अगामेम्नॉनचा माज बघायला? ती म्हणते, राग आवरायला आले, ऐकणार असशील तर. शब्दांनी हवं ते सुनाव, हात उचलू नकोस. तो ऐकतो. ‘ऐकणार असशील तर’ हे देवी म्हणते आहे. ती जबरदस्ती करत नाही. तलवार म्यानात तोच घालतो.

म्हणजे ज्याला आपण उतावळा, डोक्यात राख घालणारा म्हणून ओळखतो तो पहिल्याच सर्गात हातातला खून थांबवतो. त्यानंतरच कोप सुरू होतो. राग भडकून विझला असता तर काव्य पहिल्याच सर्गात संपलं असतं, अगामेम्नॉनच्या प्रेतासकट. कोप हा थंड डोक्यानं घेतलेला निर्णय आहे: मी लढणार नाही, आणि मी नसलो की काय होतं ते तुम्हाला कळू दे. ग्रीकांनी मार खावा असं मागायला त्याची आई, समुद्रदेवी थेटिस, देवांचा राजा झ्यूसकडे जाते, झ्यूस मान डोलावतो, देवांचा डोंगर ऑलिम्पस हादरतो. तंबूत फुगून बसणं एवढंच ते राहिलेलं नाही. (जाता जाता: तो तंबूही नव्हता. चोविसाव्या सर्गात त्याचं वर्णन आहे, लाकडी ओंडक्यांचं आणि वर बोरूनं शाकारलेलं घर.)

नववा सर्ग हा माझ्या मते या काव्याचा गाभा आहे. ग्रीक हरायला लागलेत. ओडिसिअस, म्हातारा फिनिक्स आणि एजॅक्स रात्री अकिलीसकडे येतात. तो वीणेसारखं वाद्य वाजवत जुन्या वीरांची कीर्ती गात बसलाय. स्वतः उठतो, पाहुण्यांना बसवतो, मांस कापतो, वाढतो. मग ओडिसिअस अगामेम्नॉनची यादी वाचतो: सात तिवया, दहा टॅलेंट (वजनाचं एक जुनं माप) सोनं, वीस हंडे, बारा शर्यतीचे घोडे, लेस्बॉसच्या सात बायका, स्वतः ब्रिसेइस, पुढे ट्रॉय पडलं तर जहाजभर सोनं, तीन मुलींपैकी हवी ती बायको म्हणून, आणि वर सात नगरं. एवढं मिळाल्यावर माणसानं उठायला हवं. त्या समाजाच्या हिशेबात ही भरपाई पुरेशी आहे, पुरून उरेल एवढी आहे.

अकिलीस नाही म्हणतो, आणि त्याच्या नाहीमध्ये ही ओळ आहे: “मागे राहणाऱ्याला आणि जीव तोडून लढणाऱ्याला वाटा सारखाच. भित्रा असो की शूर, मान एकच. मरतातही दोघं सारखेच, काही न करणारा आणि पुष्कळ करणारा.” पहिल्या वाक्यात ‘वाटा’साठी शब्द आहे मोइरा. तुम्ही ऐकताय लुटीतला वाटा. दोन ओळींनी बोलणं मरणावर येतं आणि तोच शब्द कुशीवर वळतो. अगामेम्नॉननं माझा वाटा पळवला, इथून निघालेला विचार ‘शेवटी सगळ्यांच्या वाट्याला एकच गोष्ट येते’ इथे जाऊन थांबतो. गाईगुरं लुटून आणता येतात, तिवया, घोडे मिळवता येतात, तो म्हणतो, पण माणसाचा जीव एकदा दातांच्या कुंपणाबाहेर पडला की तो परत आणता येत नाही. मग सात नगरं मोजून काय करायचं?

याच भाषणात तो सांगतो की त्याच्यापुढे दोन रस्ते आहेत. इथे राहून लढलो तर घरी परतणं गेलं, पण कीर्ती अक्षय राहील. घरी गेलो तर कीर्ती गेली, आयुष्य लांबेल. ‘क्लेओस आफ्थितोन’, अक्षय कीर्ती. अडाल्बर्ट कून या जर्मन पंडितानं 1853 मध्ये दाखवून दिलं की ऋग्वेदात याचं सख्खं भावंड आहे: पहिल्या मंडलाच्या नवव्या सूक्तात इंद्राकडे जे ‘श्रवः’ मागितलंय ते ‘अक्षितम्’ आहे. क्लेओस आणि श्रवस् हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज. आपल्या ‘श्रवण’शी नातं असलेला शब्द आहे हा, क्लेओस म्हणजे जे ऐकू येतं ते, मेल्यानंतर लोक जे ऐकतील ते. हा मुद्दा मला स्वतःला फार प्रिय आहे, पण त्यावरून ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’ असं कोणी सांगू लागलं तर ऐकू नका. दोन्ही भाषांचे पूर्वज एक, एवढाच त्याचा अर्थ. (‘अकिलीस म्हणजे त्यांचा कर्ण’ हेही दर वर्षी ऐकते. कर्ण ज्याचं मीठ खाल्लं त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. अकिलीस पहिल्याच सर्गात सोडतो. तुलना तिथेच मोडते.)

एजॅक्स शेवटी बोलतो, लढवय्याचं थोडक्यातलं बोलणं: अरे, भाऊ मारला, मुलगा मारला तरी लोक भरपाई घेऊन खुन्याला गावात राहू देतात, तू एका मुलीसाठी एवढं धरून बसलास. अकिलीस म्हणतो, तुझं सगळं पटतं मला, पण त्या माणसानं सगळ्यांसमोर मला कोणीतरी उपरा भटक्या असल्यासारखं वागवलं हे आठवलं की काळीज रागानं सुजतं. इथे रागाला शब्द आहे ‘खोलोस’, म्हणजेच पित्त. (ग्रीकमधला हा जुना ख आपल्याला देवनागरीत फुकट मिळतो, रोमन लिपीवाल्यांना त्यासाठी दोन अक्षरं लागतात.) आपण पित्त खवळलं म्हणतो, त्यांचंही खवळायचं. पटतं, तरी उतरत नाही. रागाबद्दल याहून खरं काही मी फारसं वाचलेलं नाही.

आता नियतीचा प्रश्न. ‘सगळं ठरलेलं असेल तर’ असं तुम्ही विचारता, तेव्हा तुमच्या मनात एक बंद वही आहे. होमरकडे ती वही तशी बंद नसते. सोळाव्या सर्गात झ्यूसचा स्वतःचा मुलगा सार्पेडॉन अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या हातून मरणार असतो. झ्यूस मोठ्यानं विचार करतो, उचलून नेऊ का याला घरी, लिशियाला? त्याची बायको हेरा त्याला ‘तुला जमणार नाही’ असं म्हणत नाही. ती म्हणते, कर की, पण आम्ही बाकीचे देव मान डोलावणार नाही. आणि मग उद्या प्रत्येक जण आपापलं पोर वाचवायला बघेल. झ्यूस ऐकतो, रक्ताचा पाऊस पाडतो, आणि मुलाला मरू देतो. बाविसाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या वेळी अथीना झ्यूसला जवळपास त्याच ओळी ऐकवते. एके ठिकाणी तर होमर सरळ म्हणतो की त्या दिवशी ग्रीक ‘वाट्याच्या पलीकडे’ वरचढ ठरले. म्हणजे हद्द ओलांडता येते, निदान ओलांडायला आलेली असते; आणि कोणी ओलांडली तर सगळ्यांचेच बांध सरकतील, अशी देवांना भीती असते. परत तलाठीसाहेबच आठवतात.

जबाबदारीचं काय? याचं उत्तर एकोणिसाव्या सर्गात अगामेम्नॉनच देतो. समेट करताना तो म्हणतो, दोष माझा नाही. झ्यूस, मोइरा आणि अंधारात हिंडणारी सूडाची देवता एरिनिस यांनी माझ्या डोक्यात भ्रम घातला. वर्गात इथे हमखास हसू फुटतं, राजकारण्याची सारवासारव वाटते. पण पन्नासेक ओळींनंतर तोच म्हणतो: माझी बुद्धी फिरली होती, झ्यूसनं ती काढून घेतली होती, म्हणून मी आता भरून द्यायला तयार आहे, पाहिजे तेवढं. ‘देवानं करवलं’ म्हटल्यानं त्याचं देणं फिटत नाही. कारण वरून आलं तरी भरायचं आपणच, हे त्या माणसांना विसंगत वाटत नव्हतं. अथीनेनं केस धरले तरी तलवार आत घालणारा हात अकिलीसचाच होता. तीच रीत इथेही आहे.

अकिलीसच्या बाबतीत हे फार क्रूरपणे घडतं. ग्रीकांनी मार खावा असं त्यानं आईकरवी झ्यूसकडून मागून घेतलं होतं. ते मिळालं. ग्रीकांची दैना पाहवेना म्हणून पॅट्रोक्लस त्याचं चिलखत घालून लढायला गेला आणि हेक्टरच्या हातून मेला. अठराव्या सर्गात थेटिस समुद्रातून वर येऊन विचारते, बाळा, का रडतोस, तू मागितलंस ते झ्यूसनं केलं ना? तो म्हणतो, हो आई, केलं, पण मला त्यात काय गोडी, माझा मित्रच गेला. या दोन वाक्यांत नियती कुठे संपते आणि माणसाचा हट्ट कुठे सुरू होतो, ते तुम्ही दाखवून द्या. मला आजवर जमलेलं नाही. थेटिस सांगते की हेक्टरच्या मागोमाग तुझंही मरण आहे. तो म्हणतो, मग लगेच येऊ दे. आणि स्वतःला एक शब्द लावतो, त्याचं मराठी करताना मला कधीच विचार करावा लागत नाही: मी इथे जहाजांपाशी बसलो, नुसता भुईला भार. ग्रीकमध्येही हुबेहूब हेच आहे, जमिनीवरचं फुकट ओझं.

आता वीरपणाबद्दल. होमर ‘हिरोस’ हा शब्द कौतुकानं वापरत नाही. कोणाही लढवय्याला तो लागतो. ओडिसीत तर आंधळ्या गायकाला आणि एका भालदारालाही लावलाय. तेव्हा ‘मग तो वीर कसा’ या प्रश्नात आपण आपला आदर्श पुरुष ग्रीकांच्या गळ्यात बांधत असतो. त्यांच्या दृष्टीनं वीर असण्याचा करार सार्पेडॉननं बाराव्या सर्गात सांगितलाय. तो आपला सोबती ग्लाउकस याला म्हणतो: लिशियात आपल्याला पुढची बसायची जागा, चांगलं मांस, भरलेले पेले आणि नदीकाठची जमीन का देतात? म्हणून आता आपण पुढे असायला हवं. आणि पुढे: ही लढाई टाळून आपण कधीच म्हातारे होणार नसू, मरणार नसू, तर मीही पुढे लढणार नाही आणि तुलाही धाडणार नाही. पण मरण हजार तोंडांनी उभंच आहे, तर चल. मरण नसतं तर शौर्यही नसतं, असा त्याचा हिशेब. ठरलेल्या मरणानं शौर्याचा अर्थ जातो का, या तुमच्या प्रश्नाचं होमरकडचं उत्तर हे आहे. देव कधी शूर नसतात. ते ओरखडा उठला की रडत आईकडे जातात. पाचव्या सर्गातली अफ्रोडाइटी बघा.

पण मला जास्त जवळचा वाटतो हेक्टर, आणि त्याचं शौर्य वेगळ्याच धातूचं आहे. सहाव्या सर्गात तो बायकोला सांगतो, मला मनोमन माहीत आहे, एक दिवस येईल आणि ट्रॉय बुडेल. तरी जातो, कारण ट्रॉयच्या पुरुषांची आणि पायघोळ वस्त्रांच्या बायकांची त्याला लाज वाटते. या लाजेला ग्रीकमध्ये ‘आइदोस’ म्हणतात आणि मराठीत ‘लोक काय म्हणतील’. आपण हे वाक्य नेहमी तिरकसपणे वापरतो. बाविसाव्या सर्गात त्याचं वजन कळतं. हेक्टर एकटा वेशीबाहेर उभा आहे, वर तटावरून म्हातारा बाप आणि आई विनवतायत, आत ये. तो स्वतःशी बोलतो. आदल्या रात्री सोबती पॉलिडामासनं सैन्य आत घ्यायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, माझ्या हेकेखोरपणानं माणसं मेली. आता आत गेलो तर माझ्याहून हलका कोणीतरी म्हणेल, हेक्टरनं स्वतःच्या ताकदीच्या भरवशावर लोक घालवले. म्हणजे तो बाहेर राहतो ते आपल्या चुकीला तोंड दाखवता येत नाही म्हणून.

मग त्याचं मन पळवाट शोधतं. ढाल खाली ठेवू, भाला भिंतीला टेकवू, जिच्यामुळे युद्ध पेटलं ती हेलन परत देऊ, निम्मी संपत्ती वाटून देऊ… आणि स्वतःच म्हणतो, छे, तो काही माझ्याशी झाडाखाली गुजगोष्टी करणार नाही, पोरगा आणि पोरगी करतात तशा, पोरगा आणि पोरगी. होमर हे शब्द दोनदा म्हणतो. मरणाच्या दारात उभ्या माणसाच्या तोंडी ही उपमा कुठून आली? सहाव्या सर्गात बायकोशी बोलला होता, तेव्हा ‘गुजगोष्टी’ला हेच क्रियापद होतं. त्यानंतर अकिलीस जवळ येतो आणि हेक्टर पळतो. ट्रॉयचा आधार, घोड्यांना माणसाळवणारा हेक्टर, पळतो, शहराभोवती तीनदा, दोन झऱ्यांवरून, शांततेच्या काळात बायका जिथे कपडे धुवायच्या त्या दगडी डोण्यांवरून. होमरला याची लाज वाटत नाही. मग झ्यूस तराजू धरतो, हेक्टरचं पारडं खाली जातं, अपोलो त्याला सोडून निघून जातो, अथीना भावाचं रूप घेऊन फसवते. फसवणूक कळल्यावर तो म्हणतो, आता माझा वाटा मला गाठतोय. पण न झुंजता, नाव न राखता मरणार नाही, पुढच्यांना ऐकायला काहीतरी करून मरेन. वाटा कळल्यावर तो पुन्हा पळत नाही. त्याच वेळी घरात बायकोनं, अँड्रोमकीनं, त्याच्या अंघोळीसाठी पाणी तापत ठेवायला सांगितलंय.

अकिलीसचा राग आता अगामेम्नॉनवर नाही, पण तो निवळलेलाही नाही. एकविसाव्या सर्गातला लायकेऑन, हेक्टरचा सावत्र भाऊ, वाचा. याला अकिलीसनं पूर्वी पकडून लेम्नॉसला विकलं होतं. सुटून घरी येऊन अकरा दिवस झाले, बाराव्या दिवशी पुन्हा त्याच्याच पुढ्यात. एका हातानं तो अकिलीसचे गुडघे धरतो, दुसऱ्यानं भाला. अकिलीस म्हणतो, “मित्रा, मर तूही. एवढा का रडतोस? पॅट्रोक्लस मेला, तो तुझ्याहून कितीतरी चांगला होता. माझ्याकडे बघ, केवढा देखणा, केवढा थोरला मी. माझ्यावरही मरण आहेच. एखादी सकाळ येईल, किंवा संध्याकाळ, किंवा भर दुपार.” आणि गळ्यात तलवार घालतो. तो ‘मित्रा’ उपरोधानं म्हटलेला नाही, असं मला दर वेळी वाचताना जास्त वाटतं. मरणाचा वाटा सगळ्यांना सारखा, हे नवव्या सर्गातलं ज्ञान इथेही आहे. इथे त्यानं हात थांबत नाही.

थांबतो तो चोविसाव्यात. हेक्टरचा बाप, म्हातारा प्रायम, रात्री खंडणी घेऊन शत्रूच्या छावणीत येतो (ख्रिसेसही असाच बाप म्हणून आला होता, आणि हाकलला गेला होता). अकिलीसचे गुडघे धरतो, आणि आपल्या कितीतरी मुलांना मारणाऱ्या हातांची चुंबनं घेतो. म्हणतो, तुझा बाप आठव, माझ्याच वयाचा आहे. दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. घरभर ते रडणं. इथे गोड शेवट करणं कोणालाही सोपं होतं. होमर करत नाही. प्रायम म्हणतो, बसायला सांगू नकोस, आधी माझा मुलगा दे; आणि अकिलीसचा आवाज बदलतो: म्हाताऱ्या, मला डिवचू नकोस, नाहीतर शरण आलेला असूनही माझा तोल जाईल. तो दारातून सिंहासारखा बाहेर पडतो. मग प्रेत लांब नेऊन धुवायला सांगतो, का, तर बापानं ते पाहिलं आणि त्याचा राग उसळला, तर माझाही उसळेल आणि मी याला मारून टाकीन. आपला राग कुठून आणि केव्हा येतो हे त्याला आता माहीत आहे. त्यानुसार तो खोलीतल्या गोष्टी हलवतो, प्रेत कुठे असावं हे ठरवतो. पहिल्या सर्गात हे काम करायला अथीनेला यावं लागलं होतं.

त्यानंतर तो म्हणतो, आता जेवू या. बारा मुलं गमावलेल्या निओबीलाही जेवण आठवलं होतं. एक मेंढी कापतात. भाकरी अकिलीसचा सोबती ऑटोमेडॉन वाढतो. मांसाचे वाटे अकिलीस स्वतः घालतो, त्यातला एक प्रायमच्या पुढ्यात.

मग तो विचारतो, हेक्टरच्या क्रियाकर्माला किती दिवस हवेत, तेवढे दिवस मी सैन्य थांबवतो. प्रायम मोजून सांगतो: नऊ दिवस घरात शोक, दहाव्याला दहन आणि जेवण, अकराव्याला वर माती रचू, बाराव्याला लढू, लढायचंच असेल तर. अकिलीस म्हणतो, तसं होईल, आणि म्हाताऱ्यानं भिऊ नये म्हणून त्याचं उजवं मनगट हातात धरतो.